पितृपक्षातली सही

"बुधवारी पाचच्या आत फ्लॅटच्या करारावर सही झाली नाही, तर बुकिंग रद्द!" दत्तोपंतांनी निरोप मोठ्यानं वाचला आणि मोबाईल गादीवर आपटला. "पाडव्यापासून 'उद्या या, परवा या' म्हणून आम्हाला नाचवलं. कागद याचे तयार नव्हते! आणि आता आम्हाला चार दिवसांची मुदत? तीही पितृपक्षात? लाज कशी वाटत नाही लेकाच्याला!"

राग खरा होता, कुणालाही यावा असाच होता. बिल्डर बंडप्पाच्या या इमारतीचं भूमिपूजन खुद्द दत्तोपंतांनीच केलेलं. पण त्यांची पंचाईत निराळीच होती. ते अर्ध्या तुळजापूरचे गुरुजी. पितृपक्षात त्यांनी कुणाला सुईसुद्धा घेऊ दिली नव्हती. शेजारच्या उमादेवींचा नवा फ्रीज टेम्पोतून दारापर्यंत आलेला, तो त्यांनी माघारी धाडला होता. तेव्हापासून बाईंचं दूध रोज नासत होतं.

वनमालाबाई भाजी निवडत होत्या. सगळा संसार भाड्याच्या दोन खोल्यांत झालेला. भिंतीत खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारायचं.

"अहो, सही करून टाकू. मुदत बिल्डरनं घातलीय, हे काय पितरांना कळत नाही?"

"अगं, लोक काय म्हणतील? गुरुजींच्याच घरात!"

"लोक आपलं भाडं भरतात का?"

दत्तोपंत तडक बंडप्पाच्या ऑफिसात गेले.

"बंडप्पा, नवरात्र बसू दे. घटस्थापना झाली की सही."

"म्या थांबलो असतो गुरुजी, पर माकणीचं गिऱ्हाईक दारात उभं हाय. लई घाई हाय त्येला."

"त्याला पितृपक्ष नाही?"

"त्येनं तुमाला इचारलंच न्हाय की!" बंडप्पा म्हणाला. "आन् भूमिपूजनाला तुमीच म्हनला व्हता, चांगल्या कामाला उशीर लावू नगं."

दत्तोपंत संतापानं लाल होऊन घरी आले. "नकोच तो फ्लॅट! असल्या माणसाच्या इमारतीत मी पाऊल टाकणार नाही. विषय संपला!" वनमालाबाई कपाटातून आपलं आधार कार्ड शोधू लागल्या. तिथंच दत्तोपंतांनी ओळखायला हवं होतं.

बुधवारी दत्तोपंत तामलवाडीला एका श्राद्धाला गेले. पान वाढलं, पहिला घास घेतला आणि फोन वाजला. गुरुजींचे हात खरकटे, म्हणून यजमानांनी तत्परतेनं स्पीकर लावून धरला.

"गुरुजी, मी उमादेवी! काकू इथं रजिस्ट्री ऑफिसात बसल्यात. बंडप्पा पण आहे. मग मी माझा फ्रीज आणू का?"

सगळ्या पंगतीनं ऐकलं. श्राद्धाच्या पानावरून मध्येच उठणं म्हणजे महापाप, आणि यजमान तर आग्रह करकरून वडे वाढत होते. दत्तोपंत गिळत राहिले. फ्लॅटचं बुकिंग वनमालाबाईंच्या एकट्यांच्या नावावर होतं. बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो, हा शोध दत्तोपंतांचाच!

मिळेल त्या जीपनं ते धापा टाकत पोचले, तेव्हा वनमालाबाई पायऱ्या उतरत होत्या. मागं बंडप्पा पेढे वाटत होता.

"केलीस सही?"

"केली."

"पितृपक्षात? मला न विचारता?"

"अहो, घर माझ्या नावावर, सही माझी. तुमचा पितृपक्ष तुम्ही तुमच्या घरात पाळा की!"

उत्तर द्यायला दत्तोपंतांनी तोंड उघडलं, पण आपलं घर म्हणजे नेमकं कुठलं, ते काही आठवेना. दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करतो, असं घरमालकाला त्यांनीच गेल्या महिन्यात ऐटीत ठणकावलं होतं. आणि घरमालकानं लगेच दुसरा भाडेकरू बघितला होता.

त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मग... मला राहू देशील ना गं तिथं?"

वनमालाबाईंनी पेढ्याचा अर्धा तुकडा तोंडात टाकला.

"मुहूर्त बघून सांगते."