फाईचा आकडा

"रोज अर्धा तास घाम येईल असं चालायचं, मग दहा मिनिटं डोळे मिटून श्वास मोजायचे. आज शुगर सांभाळलीस, तर पुढे हृदय तुला सांभाळेल. कळलं का, फाई?"

डॉक्टरीणबाईंचं हे सांगणं सामली आजीने मंत्रासारखं मनात धरलं होतं. चौदा वर्षांच्या नातीची मात्र एक अट होती. "चालेन. पण तळ्यावर कुणाला माझ्या डायबिटीसचं सांगायचं नाही. सांगितलंस, तर त्या दिवसापासून बंद!"

आजीने कबूल केलं आणि ती अडकली. खोटं न बोलण्याचं शील ती रोज पहाटे घ्यायची. सांगायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही, मग उरलं काय? नुसतं हसणं.

थायलंडमधल्या खोन केन गावच्या त्या तळ्याकाठी संध्याकाळी बायकांची फौज गाण्यावर व्यायाम करी. आजी-नात तळ्याला फेरी मारून झाडाखाली बसत. फाई डोळे मिटून श्वास मोजी, मग पाठ फिरवून बोट टोची, छोट्या यंत्रात बघे आणि आजीच्या कानात काहीतरी सांगे. आजी हात जोडी.

चौथ्या दिवशी भाजकी केळी विकणाऱ्या लामदुआनला राहवेना. "आजी, पोरगी केळं का घेत नाही हो? फुकट देतेय की!"

"गोड न खाण्याचा नेम आहे तिचा."

"आणि डोळे मिटून काय करते?"

"श्वास मोजते."

"मग कानात काय सांगते?"

"आकडा," आजी बोलून गेली. यातलं काहीच खोटं नव्हतं.

लामदुआनचा चिमटा हवेतच राहिला. लॉटरीची सोडत चार दिवसांवर आली होती. ज्या गावाला झाडाच्या गाठीत आणि पालीच्या शेपटीत आकडे दिसतात, त्याला गोड सोडून ध्यानाला बसणारी पोर म्हणजे साक्षात खाणच!

दुसऱ्या दिवशी झाडाखाली मोगऱ्याचे हार आले. तिसऱ्या दिवशी अख्खी फौज फाईच्या मागे मांडी घालून बसली आणि व्यायामवाल्या बाई रिकाम्या मैदानाला माइकवरून ओरडत राहिल्या, "एक, दोन... अगं, आहे का कुणी?"

"आजी, या मला हात का जोडतायत?" फाई कुजबुजली.

आजी हसली. दुसरं काय करणार?

तेवढ्यात लामदुआनने मागून मान लांब करून यंत्रात डोकावलं. "दोनशे अठरा! बायांनो, दोनशे अठरा! नव्या हातगाडीसाठी साठवलेलं सगळं लावते मी!"

फाईने आजीकडे पाहिलं. आजीने ओठ घट्ट मिटले. वचन म्हणजे वचन. लामदुआन तर पदराची गाठ सोडावी तशी कमरेची पिशवी सोडत निघालीसुद्धा.

"मावशी, थांबा!" फाई उभी राहिली. "ती माझी शुगर आहे. मला डायबिटीस आहे. दुपारी चिकट भात जास्त झाला म्हणून दोनशे अठरा. उद्या वेगळीच येईल!"

आजीने डोळे मिटले. संपलं, आता सगळ्यांना कळलं; उद्यापासून चालणं बंद.

"दोनशे अठराच?" माइकवरून आवाज आला. "माझी मागल्या महिन्यात दोनशे साठ होती."

"माझी दोनशे नव्वद!"

"हात् तुमची! माझी तीनशे दहा!"

लिलावासारखे आकडे चढत गेले. फाई आधी बघत राहिली, मग पोट धरून हसायला लागली. आजीने तिला असं हसताना कितीतरी दिवसांनी पाहिलं.

लामदुआन तेवढी गप्प होती.

"मावशी, तुमची किती?"

"दोन वर्षं बघितलीच नाही गं. भीती वाटते."

"शाळेला सुट्टीच आहे. उद्या सकाळी मी येते तुमच्याबरोबर दवाखान्यात. चालत जाऊ, आणि रांगेत श्वास मोजू."

"येशील? नक्की?"

"नक्की."

जाता जाता लामदुआनने दोनशे अठराचं एक तिकीट घेतलंच. ते लागलं नाही, हे सांगायला नको.

सकाळी आजी भात वाफवत होती. मागे पावलं वाजली, तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. ढोल बडवले तरी आठच्या आत न उठणारी फाई, साखर उतरलीच तर असावेत म्हणून रसाचे दोन डबे पिशवीत टाकत होती. एक स्वतःसाठी, एक मावशीसाठी. आजीला वाटलं, त्या सगळ्या दोनशे-तीनशेवाल्यांच्या पाया पडावं. पण ती वळली नाही, भात वाफवत राहिली. फाईने बुटांच्या नाड्या बांधल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.