लकवा झालेलं शेवाळ

विशाखाचा प्रबंध शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत दाखल व्हायला हवा होता. नाहीतर नोंदणी रद्द, आणि बजाजनगरच्या दोन खोल्यांत बसून केलेला सहा वर्षांचा अभ्यास मातीत. विषय होता एक हिरवं शेवाळ. एका पेशीचा हा जीव दोन शेपट्या मारत पोहतो. शेपट्या हलवणारी मोटर बरीच प्रथिनं जुळून बनते, आणि त्यातलं एक बारकंसं प्रथिन नसलं की शेवाळ जागचं हलत नाही. कंपनीत जन्मभर मोटरी जोडलेल्या तिच्या पप्पांना, पुंडलिकरावांना, हे एका दमात कळलं होतं. "व्हय, एक वॉशर ऱ्हायला की अख्खी लाईन उभी."

संस्थेच्या अधीक्षकांना, बद्रीनाथसाहेबांना, मात्र ते कळण्यासाठी प्रबंध दाखल करायच्या फॉर्मात रकानाच नव्हता.

"वनस्पती की प्राणी?"

"शेवाळ आहे, सर."

"इथं तर लिहिलंय, पोहतं. मॅडम, पोहणारं झाड मी नाय पाह्यलं अजून. हलतं ते प्राणी. प्राणी समितीचा दाखला आणा."

समिती बुधवारी आली. सूक्ष्मदर्शकाखाली नेमकी प्रथिन नसलेल्या शेवाळाची बशी होती. अध्यक्षांनी बराच वेळ डोळा लावला, मग गंभीरपणे सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं. कार्यवृत्तात नोंद झाली : 'प्रयोगशाळेत अंदाजे चाळीस लाख प्राणी मृतावस्थेत आढळले. पशुवैद्यकीय अहवाल प्रत्येकी तीन प्रतींत सादर करावा.'

विशाखानं कपाळाला हात लावला. गुरुवारी लासूर स्टेशनहून गुरांचे डॉक्टर आले, रबरी बूट घालून. त्यांनी आधी शेवाळाच्या बाटलीला हात लावून ताप बघितला.

"चारापाणी घेतंय का?"

"उजेडावर जगतं."

"मग लई सोयीचं जनावर हाय."

माणूस भला. एक कोटी वीस लाख कागदांचं काम त्यांनी एका कागदावर भागवलं : 'जनावरे जिवंत. शेपटीला लकवा.'

बद्रीनाथसाहेब खूष झाले. "लकवा म्हणजे मृत्यू नाय. आता बरं करून दाखवा, प्रकरण खतम."

बरं झालेलं शेवाळ विशाखाकडे होतंच. प्रबंधाचा शेवटचा अध्याय तोच. हरवलेल्या प्रथिनाचं जनुक परत दिलं की मोटर जुळते आणि शेवाळ पोहायला लागतं. शुक्रवारी दुपारी तिनं गुपचूप बशी बदलली. अध्यक्षांनी पाहिलं तर हिरवे ठिपके सुसाट! त्यांनी स्वतः टाळ्या वाजवल्या, पेढे मागवले. दाखला तयार झाला : 'समितीच्या अथक प्रयत्नांनी लकवा पूर्ण बरा.' बद्रीनाथसाहेबांनी तो पुढे सरकवला; खाली विशाखाची सही हवी होती.

"सर, हे खोटं आहे."

"खोटं कसं? परवा हलत नव्हतं, आज हलतंय. पावणेपाच झालेत, मॅडम."

तिनं सही केली. स्वतःचा भयंकर राग आला. पाचला तीन मिनिटं असताना प्रबंध दाखल झाला, आणि जिन्यावर बसून ती आधी रडली, मग पोट धरून हसली.

शनिवारी सकाळी दाखल्याचा फोटो मोबाईलवर फिरू लागला : 'शेवाळाच्या पाण्यानं लकवा बरा! सही-शिक्क्याचा पुरावा सोबत.' रविवारी गारखेड्याच्या आवडाबाई बादली घेऊन दारात उभ्या.

"कुणाला लकवा झालाय, मावशी?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"कुनालाच नाय. पन मालकाला आधीच पाजून ठेवते."

विशाखानं त्याच दिवशी मोबाईलवर खुलासा टाकला : या पाण्यानं कुणाचाही लकवा बरा होत नाही, सही माझी आहे आणि चूकही माझीच आहे. त्याला जेमतेम दोन अंगठे आले. एक पप्पांचा. दुसरा आपला होता, असं तुम्ही आता म्हणाल, आणि असेलही. पण मोबाईल काढा, जरा वर सरकवा आणि बघा : शनिवारी सकाळी तुमच्या घरच्या ग्रुपवर तो दाखला कुणी टाकला होता?