दोन सीटांची लाल गाडी

आमच्या पूनम सागर सोसायटीतले कांबळेकाका खिशात लोहचुंबक ठेवतात. रुमाल विसरतील, चुंबक नाही. भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ते माल तपासायला होते. तिथला नियम सोपा: चुंबक चिकटला की माल हलका. काका निवृत्त झाले, नियम झाला नाही. कोणाकडेही चहा आला की आधी चुंबक पेल्याला लागतो, मग पेला ओठाला. सोसायटीच्या अध्यक्षांना मिळालेली ढालसुद्धा त्यांनी भर सभेत तपासली आणि निकाल दिला, "माल हलका आहे."

तर असे हे काका चक्क नकली स्पोर्ट्स कार घ्यायला निघाले. उत्तनच्या पास्कल अंकलनी एका जुन्या छोट्या गाडीवर परदेशी थाटाची लाल, बसकी बॉडी चढवली होती. आता वाकून आत शिरणं जमेना, म्हणून विकायला काढली. मी काकांना जिन्यातच सुनावलं, की नक्कल हा बाजाराने गरिबाच्या हौसेला लावलेला सापळा आहे. "बरोबर, क्रांतीताई," काका म्हणाले. "पण चल. कागद तूच तपास." शालनकाकूही नवी साडी नेसून निघाल्या.

कागद चोख निघाले, केलेला बदलही रीतसर नोंदवलेला. इंजिन सुरू केलं तर मिक्सरमध्ये चटणी वाटल्यासारखा आवाज आला. काका अर्धे गाडीखाली जाऊन गंज बघून आले. मग चुंबक निघाला. गॅरेजवाल्याने त्यांना बजावलं होतं, की गाडीचं उलटं असतं: चिकटला तर पत्रा, नाही चिकटला तर पुट्टी, म्हणजे ठोकून लिंपलेली गाडी.

चुंबक बॉनेटवर लावला, घसरून पडला. दाराला लावला, पडला. काकांनी पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि चुंबक चारी बाजूंनी पडला. काकांचा चेहराही.

"पास्कल, ही तर नखशिखांत पुट्टी आहे."

"पत्रा न्हायच तो. फायबर हाय," पास्कल अंकल शांतपणे म्हणाले. "या खाऱ्या वाऱ्यात पत्रा टिकतो काय?"

काकांनी पडलेला चुंबक उचलला. मला वाटलं, मी जिंकले. मी आणखी एक दोष दाखवला, की मागे सीटच नाही. पाहुणे आले तर बसवणार कुठे?

तेवढ्यात गाडीचं दार लागलं. शालनकाकू आत जाऊन बसल्या होत्या, पर्स मांडीवर, नजर समोर.

"अहो," त्या आतून म्हणाल्या, "इथे खरंच तिसरं कोणी मावत नाही."

काका माझ्याकडे न बघता बोलले. भाईंदरच्या एका खोलीत आई, भाऊ, बहीण, मग भावांच्या बायका, पोरं. सगळ्यांचं केलं, आनंदाने केलं. "पण कुठेही निघालो की मधे कोणीतरी असायचंच. हिच्या शेजारी बसायचं तेवढं राहून गेलं."

मग त्यांनी चुंबक शेवटचा एकदा टपावर ठेवला. तो पडला.

"बघ, कुठेच चिकटत नाही," ते म्हणाले. "आमच्या कारखान्याच्या नियमाने एक नंबर माल."

चुंबक माझ्या हातात देऊन ते आत बसले. एक फेरी मारून येतो म्हणाले. गाडी चटणी वाटत समुद्राकडे वळली. बऱ्याच वेळाने पास्कल अंकल म्हणाले, "आता काय लवकर येत न्हाय ती दोघं."

मी रिक्षा केली.