प्रियामोच्या पिंपातली साखर

नाताळच्या आत बाबांचं कोलेस्टेरॉल खाली आणून दाखवते, असं बोनारियाने घरात ठणकावून जाहीर केलं. डॉक्टरीणबाईंनी बाबांचा, म्हणजे एफिज्योचा, रिपोर्ट बघून भुवया उंचावल्या होत्या, आणि मग त्याचं पोट बघून आणखी. बोनारियाने लगेच शेतातून आर्टिचोक या काटेरी भाजीची कडू पानं आणली आणि आटवून आटवून काळाकुट्ट अर्क केला. थोडाफार उपयोग होईलही, पण सॉसेजवर सॉसेज हाणलीत तर पानं बिचारी काय करणार, असं बाई म्हणाल्या होत्या. त्यातलं स्वल्पविरामाच्या अलीकडचं तेवढं बाप-लेकींनी ऐकलं.

एफिज्योची अट एकच होती: बाहेर चकार शब्द काढायचा नाही. आर्टिचोकचा गाभा माणसांचा आणि पानं मेंढ्यांची, हे तो सगळ्या सार्डिनियाला ऐकवत आला होता.

नोव्हेंबरात, सान मार्तीनो या संताच्या दिवशी, गावात नवी वाइन उघडतात. एफिज्यो चाखून मान हलवणार, मगच गाव वर्षाची वाइन सांगून ठेवणार. यंदा सुरुवात प्रियामोच्या तळघरापासून होती. प्रियामो म्हणजे त्याचा लंगोटीयार आणि बोनारियाचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता.

सॉसेजच्या प्रत्येक तुकड्याआधी एक घोट, अशी ताकीद देऊन बोनारियाने बाबांच्या कोटात अर्काची बाटली कोंबली होती. एफिज्यो सरपणामागे जाऊन घोट घेऊन आला, तुकडा गिळला आणि वाइन तोंडात घोळवली. मग त्याने प्रियामोकडे असं पाहिलं, जणू त्याच्या खिशातून दुसऱ्याचं पाकीट डोकावतंय.

"प्रियामो, साखर घातलीस?"

त्या गावात एकवेळ माणसाला चोर म्हटलेलं चालतं, पण वाइनमध्ये साखर म्हटलं की दोन्ही घरं एकमेकांच्या मयतालाही जात नाहीत.

प्रियामोचे कान लाल झाले. त्याने मुकाट्याने दुसऱ्या पिंपातली दिली. एफिज्यो सरपणामागे जाऊन आला. तीही गोड निघाली. आता शेजारीपाजारी पेले हुंगू लागले. दोघातिघांना लगेच गोड लागायलाही लागली, आणि त्यांनी पेले खाली ठेवले.

"विहिरीचं पाणी पी, तोंड धू, आणि मग बोल," प्रियामो म्हणाला.

चिडला की एफिज्योला सॉसेज लागायचं, आणि सॉसेज म्हटलं की आधी घोट. तो पुन्हा जाऊन आला आणि विहिरीचं पाणी प्यायला.

"लबाडा, विहिरीतसुद्धा?"

शेजारी उभ्या बोनारियाला इथे शंका आली. विहीर गोड करायची तर साखरेची बैलगाडीच उलटी करावी लागेल. तिने बाबांच्या खिशातून बाटली ओढली, घोट घेतला, शहारली आणि वर पाणी प्यायली. निव्वळ सरबत! आता गप्प बसावं तर प्रियामोकाकाचं नाव कायमचं बुडणार, आणि बोलावं तर बाबांची मेंढी होणार. तिने बाबांकडे न बघता सगळं सांगून टाकलं: हा आर्टिचोकच्या पानांचा अर्क, आणि त्याच्या घोटानंतर काहीही प्या, गोडच लागतं.

एफिज्यो आपल्या बुटांचं निरीक्षण करू लागला. प्रियामोने त्याला मिठी मारली.

"मेंढ्यांचा चारा पितोस होय रे? मग दूध कधी देतोस?"

दोस्ती वाचली. पण बोनारियाच्या बोलण्यावर विश्वास कोण ठेवणार? खात्री करायला बाटली हातोहात फिरली. आधी घोट, मग वाइन. प्रत्येकाचा चेहरा आधी कडवट व्हायचा आणि मग खुलायचा. पुन्हा एकदा खात्री करावी, असं सगळ्यांनाच वाटलं. संध्याकाळपर्यंत प्रियामोची सगळी पिंपं सांगून झाली, मात्र प्रत्येकाला सोबत अर्काची एक बाटलीही हवी होती.

प्रियामो कोपऱ्यात उभा राहून बघत होता. त्याची वाइन प्यायच्या आधी लोक ते काळं विष हसत हसत गिळत होते. त्याने बोनारियाला बाजूला घेतलं.

"खरं सांग पोरी. माझी वाइन नुसती जात नाही का कुणाला?"

"मी अजून वाइन पीत नाही, काका," बोनारिया म्हणाली, आणि बाबा सॉसेजची परात घेऊन कुठे गेले ते बघायला पळाली.