इनवर्ड झालेला संसार

"सामान कुठंय?" वर्षालीनं विचारलं. सकाळपासून चौथ्यांदा.

ज्योतीरामनं ट्रकवाल्याचा नंबर पुन्हा एकदा लावून बघितला. तळेगावातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्या घडीला दोन बॅगा होत्या, एक चादर होती आणि एक बायको होती. बायको उपड्या बादलीवर बसली होती. बादलीसुद्धा शेजाऱ्यांची.

नऊ वर्षं बंगळूरला काढून हे जोडपं शनिवारी संध्याकाळी परत आलं होतं. ज्या शहरात पाणी टँकरनं येतं आणि भाडं लिफ्टनं वर जातं, तिथं माणसानं किती दिवस राहायचं? घरमालकानं तिसऱ्यांदा भाडं वाढवलं, तेव्हा ज्योतीरामनं चाकणच्या एका कंपनीत नोकरी शोधली. पगार थोडा कमी, पण तळेगावात त्याच भाड्यात दोन खोल्या जास्त आणि नळाला पाणी. हिशेब सरळ होता. सरळ नव्हती ती वर्षाली. तिथल्या सोसायटीतल्या चाळीस बायका तिच्याकडे ब्लाउज शिवायला टाकायच्या. कानडी, तेलुगू, मल्याळी, सगळ्यांचे गळे आणि बाह्या तिला पाठ होत्या. नवरा बदली होऊन आला तर त्याला खुर्ची तयार असते. बायकोला नव्या गावात पुन्हा पहिल्या टाक्यापासून सुरुवात करावी लागते, आणि त्याला बदली म्हणत नाहीत, 'सोबत जाणं' म्हणतात.

म्हणून तिनं निघतानाच सांगून टाकलं होतं. "महिनाअखेरपर्यंत तिथलं भाडं भरलंय. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. माझं मशीन नीट पोचलं, चार बायका आल्या, तर राहीन. नाहीतर मी परत. तुम्ही या नंतर."

आणि मशीन ट्रकमध्ये होतं. ट्रक कुठं होता, ते फक्त ड्रायव्हर भैरूला माहीत होतं.

हा भैरू म्हणजे ज्योतीरामच्या हुशारीचं फळ. नव्या कंपनीच्या गाड्या चाकणहून पार्ट भरून बंगळूरला जात आणि रिकामे क्रेट घेऊन परत येत. अर्धी गाडी हवा वाहून आणायची. ज्योतीराम स्टोअरचा माणूस, त्याला गाडीतली हवा बघवत नाही. त्यानं ट्रान्सपोर्टवाल्याला गाठलं आणि हवेच्या जागी आपला संसार भरला. क्रेट चाकणला टाकायचे, तसंच पुढं तळेगावला यायचं. वर्षाली म्हणाली होती, "पॅकर्सवाल्यांनाच सांगा की." तर हा म्हणाला, "वर्षाली, याला लॉजिस्टिक्स म्हणतात."

अकरा वाजता एकदाचा फोन लागला.

"भैरू, अरे कुठंयस?"

"सातारा सोडलाय सायेब. दुसरा माल भरून खाली चाललोय."

"आणि माझं सामान?"

"उतरवलं की काल."

"कुठं?"

"कंपनीत. नेहमीच्या डॉकला. मी गाडी लावली न् अंघोळीला गेलो. येऊन बघतो तर गाडी साफ! लई चपळ पोरं हायेत तिथली. क्रेटबरोबर तुमचं कपाट, गाद्या, समदं आत. मी म्हणलं, आरं हे न्हाई उतरवायचं. तर म्हणाली, मामा, एकदा इनवर्ड झालं, आवक रजिस्टरात चढली म्हंजी झालं. तुमाला फोन लावला, तर लागंना."

फोन लागणार कसा? शनिवारी दिवसभर ज्योतीराम रेल्वेत होता आणि वर्षालीला सांगत होता, की सगळं कसं प्लॅनप्रमाणे चाललंय.

तास-दीड तास चाकणच्या रस्त्यात गेला. तिथले खड्डे मोजायला बसलं तर माणूस रिटायर होईल. गेटवर रोहिदास नावाचा सिक्युरिटीवाला होता. रोहिदास शांत माणूस. पण नियमाचं पुस्तक हातात असलं, की शांत माणसासारखा कठोर कोणी नाही.

"हे बघा साहेब," त्यानं रजिस्टर फिरवून दाखवलं. "लोखंडी कपाट, एक. गाद्या, तीन. शिलाई मशीन, एक. पितळी देव, डब्यासहित. आरामखुर्ची, एक. सगळं इनवर्ड आहे. व्यवस्थित आहे. काळजी करू नका."

"मला काळजी नाही करायची, सामान न्यायचंय. माझं आहे ते."

"असंच सगळे म्हणतात. आत आलं ते गेटपासशिवाय बाहेर जात नाही."

"मग द्या गेटपास."

"त्यावर स्टोअर हेडची सही लागते."

"बोलवा त्यांना."

"ते मागच्या महिन्यात सोडून गेले. नवीन साहेब उद्या जॉइन होणारेत."

ज्योतीरामचा चेहरा उजळला. "अहो, तो नवीन साहेब मीच!"

रोहिदासनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. दोन दिवसांचा शर्ट, वाढलेली दाढी, केसांत चाकणची धूळ. ज्योतीरामनं मोबाइलवर कंपनीचं पत्र काढून दाखवलं. रोहिदासनं ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"बरोबर आहे साहेब. पण तारीख उद्याची आहे. आज तुम्ही बाहेरचे."

"अहो, घरी बायको बादलीवर बसलीय!"

"उद्या सकाळी या. कार्ड काढा, सही करा आणि घेऊन जा. तोवर चहा घेता का?"

चहा घेतला. दुसरं करण्यासारखं काय होतं? आत उभ्या आयुष्याची मिळकत पडलेली आणि बाहेर मालक कटिंग पीत उभा. या देशात माणूस आपल्या वस्तूंपेक्षा नेहमीच कमी ओळखीचा असतो. त्याच्या कपाटाला आत प्रवेश होता, त्याला नव्हता.

घरी वर्षालीनं सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली नाही. पर्समधून किल्ली काढली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि म्हणाली, "उद्या संध्याकाळी सहा." ओरडली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी ज्योतीराम आठ वाजता एचआरच्या श्रद्धा मॅडमसमोर हजर झाला. श्रद्धा हसतमुख होती. असल्या बायकांना कंपनीत वाईट बातमी द्यायलाच नेमतात.

"वेलकम सर! फक्त ओरिजिनल कागद द्या. रिलीव्हिंग लेटर आणि सर्टिफिकेट्स. लगेच तुमचं कार्ड करते."

ज्योतीराम खुर्चीत अर्धा बसला होता. तसाच थांबला.

"ओरिजिनल कपाटात आहेत."

"मग घेऊन या ना घरून."

"कपाट तुमच्या स्टोअरमध्ये आहे."

त्यानं सगळी कथा सांगितली. श्रद्धानं आधी तोंडावर हात ठेवला, मग डोळे पुसले आणि मग गंभीर झाली. "म्हणजे कागद मिळाल्याशिवाय तुमचं जॉइनिंग नाही. जॉइनिंगशिवाय गेटपासवर सही नाही. आणि गेटपासशिवाय कपाट नाही."

"कपाट बाहेर नका काढू हो. नुसतं उघडू द्या!"

"ते क्वालिटीवाले ठरवतात सर. इनवर्ड माल तपासणीआधी कोणी उघडायचा नसतो." तिनं फोन उचलला. "बुद्धरत्न, तुझ्या होल्ड एरियात एक संसार पडलाय. बघतोस जरा?"

होल्ड एरिया म्हणजे तपासणीपर्यंत माल अडवून ठेवायला जमिनीवर आखलेला पिवळा चौकोन. त्या चौकोनात ज्योतीरामचं नऊ वर्षांचं घर अगदी ओळीत लावून ठेवलं होतं. घरी कधी एवढं नीट नव्हतं. प्रत्येक वस्तूला पिवळी चिठ्ठी लटकत होती. कुकरला होल्ड. पोळपाटाला होल्ड. देवांच्या डब्यालासुद्धा होल्ड.

बुद्धरत्न इन्स्पेक्टर पस्तिशीचा, खिशात टॉर्च आणि कमरेला मोजपट्टी. वडील आकुर्डीच्या कारखान्यात आयुष्यभर मोजमाप करत आले, हा इथं करतो. खोटी सही या घराण्यात कोणी केली नव्हती.

"सर, तपासायला माझी ना नाही. पण कशाशी ताडून बघू? ड्रॉइंग नाही, पार्ट नंबर नाही. कपाटाला डाव्या दारावर पोचा आहे. हा पोचा मूळचा, की आमच्या फोर्कलिफ्टचा?"

"मला काय माहीत?"

"तुमचं कपाट आहे ना?"

"माझं आहे, पण…" ज्योतीराम अडखळला. नऊ वर्षं त्या कपाटातून तो शर्ट काढत होता. पोच्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

"मग ज्याला माहीत असेल त्याला विचारा. कस्टमर कोण आहे या मालाचा?"

ज्योतीरामनं नाइलाजानं वर्षालीला व्हिडिओ कॉल लावला.

"ताई, नमस्कार. मी क्वालिटीवाला. कपाटाच्या डाव्या दारावर पोचा आहे."

"तो यांनी घातलाय. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात. स्टूल आपटून."

"ओके. कुकरचं हँडल ढिलं."

"ते मीच दोऱ्यानं बांधलंय. चालतं."

"वरची शिट्टी?"

"डाळीच्या डब्यात ठेवलीय. हरवू नका."

बुद्धरत्ननं ज्योतीरामकडे पाहिलं. "बघा सर, याला ड्रॉइंग म्हणतात." आणि चिठ्ठ्या पिवळ्याच्या हिरव्या होऊ लागल्या. आजूबाजूला शिफ्टची दहा-बारा पोरं जमली. एकजण म्हणाला, "ताईंना ऑडिटला बोलवा राव, कस्टमरवाले पळून जातील."

शिलाई मशीनपाशी मात्र फोनवरचा आवाज बदलला. "दादा, तेवढं सांभाळून. चाक फिरतंय का बघा. नुसतं बघू नका, चालवून बघा."

बुद्धरत्ननं उकिडवं बसून पुसायच्या कापडाचा तुकडा मशीनखाली सरकवला आणि हातानं चाक फिरवलं. टाके पडले. त्यानं ते टॉर्चखाली धरून पट्टीनं मोजले.

"ताई, एका इंचात बारा टाके. एकसारखे. आमच्याकडंबी इतकं बरोबर काही येत नाही."

"हिरवी लावा," वर्षाली म्हणाली. "मोठी लावा."

शेवटी राहिली आरामखुर्ची. वेताची, ज्योतीरामच्या जिवाची. कंपनीतून आला की तो तीत पडायचा, तो जेवायलाच उठायचा. बंगळूरच्या घरात खिडकीजवळची एकुलती एक उजेडाची जागा त्या खुर्चीनं धरली होती. वर्षालीनं नऊ वर्षं ट्यूबलाइटखाली सुया ओवल्या.

"ताई, खुर्ची. मागचा पाय हलतोय."

"हलतोय ना?" वर्षालीचा आवाज एकदम गोड झाला. "रिजेक्ट."

"वर्षाली!" ज्योतीराम किंचाळला. "अहो, तो पाय आधीपासूनच हलतो. मला माहीत आहे ना!"

"कपाटाचा पोचा माहीत नव्हता, खुर्चीचा पाय माहीत आहे," वर्षाली म्हणाली. "दादा, रिजेक्ट म्हणजे रिजेक्ट."

"कस्टमर बोलला, सर. माझ्या हातात काही नाही." बुद्धरत्ननं लाल चिठ्ठी बांधली आणि पोरांनी खुर्ची उचलून रिजेक्टच्या जाळीत नेली. बाद पंपांच्या आणि वाकड्या पाइपांच्या मधोमध ती जाऊन बसली.

पुढं सगळं भराभर झालं. कपाट उघडलं. साड्यांखाली, जिथं वर्षालीनं सांगितलं होतं तिथंच, कागदांची फाइल निघाली. दोन वाजता ज्योतीरामच्या गळ्यात कार्ड आलं. नव्या नोकरीतली त्याची पहिली सही त्याच्याच संसाराच्या गेटपासवर पडली. रोहिदासनं टेम्पोतला एकेक नग मोजला, रजिस्टरशी ताडला आणि कडक सलाम ठोकला. "आता तुम्ही आतले, साहेब."

पावणेसहाला टेम्पो तळेगावात आला. वर्षाली खाली उभीच होती. मशीन उतरलं. तिनं त्याच्या लाकडावरून एकदा हात फिरवला, जसा माणूस तापातून उठलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतो. ज्योतीरामनं पायरीवर बसून शनिवारनंतरचा पहिला मोकळा श्वास सोडला. घरात देव होते, गादी होती, कुकरची शिट्टी होती आणि बायको होती. बादली शेजाऱ्यांना परत गेली.

खिडकीजवळची जागा रिकामी होती. मशीन आपसूक तिथं गेलं.

पंधरा दिवसांत काय झालं, ते ज्योतीरामला कळलंच नाही. मशीनची हिरवी चिठ्ठी वर्षालीनं काढली नव्हती. बादलीवाली शेजारीण ती बघून म्हणाली, "अगं बाई, कंपनीनं पास केलेलं मशीन!" आणि दोन ब्लाउज टाकून गेली. तिच्या मागून तिची जाऊ आली. एका शनिवारी श्रद्धा मॅडम चार ब्लाउजपीस घेऊन आल्या आणि पुढच्या शनिवारी सगळ्या एचआरचे पीस आले. बंगळूरची किल्ली कुरिअरनं गेली. त्याची पावती ज्योतीरामला केराच्या डब्यात दिसली.

एक गोष्ट तेवढी त्याला टोचत होती. रोज सकाळी गेटमधून शिरताना त्याला त्याची खुर्ची दिसायची. जाळीत जागा हवी म्हणून ती गेटच्या केबिनमध्ये आणली होती आणि तीत रोहिदास बसलेला असायचा.

"साहेब, पाय जरा हलतो हिचा," रोहिदास म्हणायचा. "पण पाठीला लई आराम."

शेवटी एके दिवशी ज्योतीरामनं स्वतःच्या हातानं गेटपास भरला. आरामखुर्ची, एक नग. खाली सही ठोकली. रोहिदासनं तो वाचून परत दिला. "रिजेक्ट मालाला कस्टमरची मंजुरी लागते साहेब. ताईंची सही आणा."

संध्याकाळी ज्योतीराम तो कागद घेऊन घरी आला. वर्षाली मशीनवर होती, ओठांत टाचण्या. समोर दोन बायका मापं द्यायला उभ्या.

"यावर एक सही हवी होती," तो हळूच म्हणाला.

तिनं मान न वळवता हात पुढं केला. कागद घेतला, बोटांत धरून त्याची जाडी पाहिली, खुशीत मान हलवली आणि कात्री उचलली. ज्योतीराम काही बोलायच्या आत गेटपासचा सुरेख गोल गळा कापून झाला होता.

"मागून आठ इंच ठेवू ना?" तिनं पहिलीला विचारलं.

ज्योतीराम कपाटाशी गेला, पोचा असलेल्या दाराला टेकून उभा राहिला आणि त्यानं पहिल्यांदाच पाहिलं, की खिडकीतून संध्याकाळचा किती उजेड येतो.