सव्वीस गुणिले दीड

ती शर्यत मी टायरांच्या जोरावर जिंकणार होतो. पायांच्या जोरावर नव्हे. पाय माझेच असल्यामुळे त्यांच्याबद्दल माझा काही गैरसमज नाही. टायरांविषयी मात्र मी तीन आठवडे वाचत होतो, आणि जे वाचलं आहे त्यावर माझा फार विश्वास बसतो.

शर्यत आमच्या सायकल मंडळाची. अठरा किलोमीटर, सगळा डांबरी रस्ता. ज्येष्ठांच्या गटात दोनच नावं होती: बायकोचा धाकटा भाऊ आणि मी. माझं नाव त्यानेच परस्पर देऊन टाकलं होतं. त्याच्याकडे शर्यतीची खास सायकल, चाकं पापडासारखी पातळ. माझ्याकडे मुलाने परगावी जाताना ठेवून दिलेली माउंटन बाइक. तिचे टायर जाडजूड, दातेरी. डांबरावर निघाली की मिक्सरमध्ये सुपाऱ्या टाकल्यासारखा आवाज येई.

हरण्याचं मला काही नव्हतं. पण मंडळाचा नियम असा, की ज्येष्ठांच्या गटात जो शेवटी येईल त्याने समारंभात माइकवरून आभार मानायचे. छापखान्यात छत्तीस वर्षं मी मुद्रितं तपासली, ती नोकरी धरली याच कारणासाठी, की तिथे तोंड उघडावं लागत नाही. माझ्या निरोप समारंभात मी उत्तरादाखल उभा राहिलो, पाणी प्यायलो आणि बसलो. मेहुण्याचं उलट. त्याच्या हातातला माइक परत घ्यायला दोन माणसं लागतात. म्हणजे हरला तरी त्याचं काही जात नव्हतं. माझं सगळंच जात होतं.

नियमांचं पत्रक मीच तपासून दिलं होतं. त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका निघाल्या होत्या, हे आपलं सहज सांगितलं.

तर टायर. डांबरावर दाते कामाचे नाहीत, टायर गुळगुळीत हवा आणि अरुंद हवा, इतकं नक्की झालं. माझ्या चाकाचं माप सव्वीस. रुंदी पुस्तकात दिली होती एक पूर्णांक पाच दशांश. ही मी वहीत लाल शाईने उतरवून घेतली आणि दुकानात गेलो. पण तिथे गिऱ्हाइकं होती. चारचौघांत टायर मागायला मला संकोच वाटला, म्हणून चिठ्ठी लिहून ठेवली. आमच्या छापखान्याचा नियम होता, मजकुरात आकडा आला की अक्षरांत लिहायचा. हाताला ती सवय. मी सुवाच्य लिहिलं: ‘सव्वीस गुणिले दीड, गुळगुळीत, दोन नग.’

संध्याकाळी सायकलवाल्याचा फोन आला.

“काका, दीड म्हणजे कसलं दीड?”

“दीड म्हणजे एक आणि अर्धा.”

“तसं नाही हो. पॉइंटवालं का अर्धावालं?”

“दोन्ही एकच.”

“एकच कसं? पॉइंटवाला गुळगुळीत मागवावा लागेल. अर्धावाला आहे दुकानात.”

मी त्याला शांतपणे समजावलं, की पाच दशांश म्हणजेच अर्धा. हे चौथीत असतं. मग तो म्हणाला, “तुम्ही शिकलेली माणसं. शनिवारी पाठवतो.”

फोन ठेवला तेव्हा कुणाला तरी शिकवल्याचं समाधान मला होतं. ते मला क्वचितच मिळतं.

आता मागे वळायचं नाही म्हणून गुरुवारीच मी जुने टायर काढले. आमचं कपड्यांचं मशीन चालू झालं की स्वयंपाकघराच्या दिशेने निघतं. त्याच्या पायांखाली घालायला बायकोला जाड रबर हवंच होतं. मी पत्रा कापायची कात्री आणली.

“अहो, आधी नवे तर येऊ देत,” बायको म्हणाली.

“येणारच आहेत.”

“माप बरोबर आहे ना?”

“अगं, तीन आठवडे वाचलंय.”

“तेच म्हणतेय मी,” ती म्हणाली. मी दोन्ही टायर कापले. मशीन जागेवर राहिलं.

शनिवारी दुपारी नवे टायर आले. गुळगुळीत, काळेभोर. नवा टायर चढवणं म्हणजे मनगटांची परीक्षा, असं सगळीकडे लिहिलेलं. मी वर्तमानपत्र पसरलं, चाक आडवं ठेवलं, बाह्या सारल्या. टायर अलगद बसला. जोर नाही, अवजार नाही. मला वाटलं, हा वाचनाचा परिणाम.

“बघ, एका मिनिटात,” मी बायकोला म्हटलं आणि चाक उचललं.

चाक वर आलं. टायर वर्तमानपत्रावरच राहिला.

बायकोने चाकाकडे पाहिलं, टायरकडे पाहिलं. “चाक वाळलं का हो?”

मी पुन्हा घातला, पुन्हा उचललं. किडकिडीत मनगटातून बांगडी निसटावी तसा तो सुटला. शेवटी बायकोनेच सायकलवाल्याला फोन लावून माझ्या कानाशी धरला.

“काका, मी विचारलं होतं. पॉइंटवाल्याची रिंग वेगळी, अर्धावाल्याची वेगळी. अर्धावाला बोटभर मोठा येतो.”

“पण गणितात दोन्ही...”

“गणितात बसतं हो. रिंगवर नाही बसत.”

“मग पॉइंटवाले?”

“गुळगुळीत सोमवारी येतील. आज एकच जोडी आहे. जाड, दातेरी.”

म्हणजे जे मी गुरुवारी कापले, तेच. फक्त नवे, आणि दाते अजून न झिजलेले.

तेवढ्यात मेहुणा आला. बायकोने त्याला सगळं साग्रसंगीत सांगितलं. तो म्हणाला, “भाऊजी शहाणे आहेत हे आमच्या वडिलांनी तेव्हाच ओळखलं होतं. किती, ते माप आज कळलं.”

“दीड,” बायको म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

रविवारी सकाळी मी दातेरी टायरांवर उभा राहिलो. शिट्टी झाली, मेहुणा दिसेनासा झाला. मी घर्रर्र आवाज करत मागे. पाणीवाटपाच्या टेबलावरचे लोक आवाज ऐकून आधीच बाजूला होत होते. चौदा किलोमीटर मी मनात एकच काम केलं: आभारांची वाक्यं जुळवली. ‘सर्वप्रथम’च्या पुढे काही सुचलं नाही.

पंधराव्या किलोमीटरला नळ टाकण्यासाठी रस्ता उकरून ठेवलेला. आदल्या दिवशीपर्यंत तो धड होता म्हणे. शंभर पावलं नुसती खडी. कडेला मेहुणा बसलेला, पुढच्या चाकातली हवा गेलेली.

“थांबू का?” मी विचारलं. सज्जनपणा नडतो तो असा.

“जा हो भाऊजी. आज हा रस्ता तुमच्या सायकलीच्या माहेरचा आहे.”

खडीवर पोचताच माझी सायकल गप्प झाली, सुखाने चालू लागली. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाच्या तरी पुढे होतो, आणि तेही न बोलता! शेवटच्या वळणावर तर मी घंटी वाजवली. कारण नव्हतं. वाजवावीशी वाटली.

समारंभात मी पहिल्या रांगेत ऐटीत बसलो. आभार मानायचे होते मेहुण्याला, आणि तो दोन दिवस पुरतील इतके मुद्दे घेऊन आला होता. तेवढ्यात अध्यक्षांनी पत्रक उलगडलं.

“नियम सातनुसार, ज्येष्ठ गटाचे विजेते आधी आपल्या टायरांच्या निवडीविषयी दोन शब्द बोलतील.”

मी बायकोकडे वळलो. “हे कुठे होतं?”

“तुम्हीच तपासलंत ना पत्रक?”

तपासलं होतं. सातव्या नियमात ‘निवडी’तला ‘नि’ दीर्घ होता. मी तो ऱ्हस्व केला होता आणि आठव्याकडे गेलो होतो. आम्ही अक्षरं वाचतो. अर्थ वाचणं लेखकाचं काम.

माइकपर्यंत कसा पोचलो आठवत नाही. समोर दोनशे माणसं, हातात पाण्याचा पेला नाही. मी “टायर” म्हणालो. मग “गुळगु” म्हणालो. पुढचं आलंच नाही. टाळ्या मात्र पुष्कळ झाल्या. सगळ्यांत जोरात मेहुण्याच्या.

घरी येताना बायको म्हणाली, “दोन शब्द सांगितले होते हो. तुमचे किती झाले?”

मी मोजले. दीड झाले होते. पॉइंटवाले की अर्धावाले, ते तिने विचारलं नाही, हे तिचे उपकार.