‘बह्याड’चे साक्षीदार

आमच्या शेजारच्या देवरावजींना कोणी ‘बह्याड’ म्हटलं, की ते चिडत नसत. खिशातून वही काढून विचारत, “गाव कोणतं गा तुझं? अन् हा शब्द तुले पहिल्यांदा कोण म्हणलं?” समोरच्याचा राग जागच्या जागी विरून जाई.

बह्याड म्हणजे वेडा. आम्हा नागपूरकडच्यांना एवढं पुरत होतं, देवरावजींना नव्हतं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात आठवडाभर मीटरचे आकडे टिपायचे आणि रविवारी कळमन्याच्या बाजारात जाऊन गाडीवानांना या शब्दाचं मूळ विचारायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. एक म्हणे ‘बहकणे’वरून आला, दुसरा म्हणे ‘बहिरा’वरून. देवरावजी दोन्ही लिहून घेत आणि पुढे प्रश्नचिन्ह काढत.

एकदा त्यांनी मला वही दाखवली. मी थक्कच झालो. हट्टी बह्याड, भोळा बह्याड, दारू पिऊन झालेला बह्याड, बायकोनं ठरवलेला बह्याड! प्रत्येक अर्थाखाली बोलणाऱ्याचं नाव आणि गाव. नियमही कडक, दोन तोंडांतून ऐकल्याशिवाय अर्थ पक्का धरायचा नाही. इतकी शिस्त मी आमच्या साहेबांतही पाहिली नव्हती.

शेवटच्या पानावर मात्र ‘मायेचा’ असं लिहून खाली एकच नाव होतं, त्यांच्या आईचं.

“माय म्हणे, ‘जेव नं बह्याडा,’” देवरावजी म्हणाले. “माय गेली, तवापासून तसं कोणी म्हणलंच नाही. आता मलेच शंका येते, भास होता का काय. दुसरी साक्ष पाहिजे गा.”

मी हसण्यावारी नेणार होतो, पण जमलं नाही. घरी येऊन हे कोणाला सांगितलंही नाही.

पुढे एका रविवारी ते तापानं फणफणलेले असतानाही पिशवी घेऊन निघाले. आमच्या हिनं फाटकातच ती पिशवी हिसकावली, त्यांना आत बसवलं आणि पुढ्यात गरम भाताचं ताट आदळलं.

“अंग तव्यावानी तापून राहिलं अन् बाजारात निघाले! बह्याड झाले का भाऊजी तुम्ही? जेवा आधी!”

देवरावजींचा हात सवयीनं खिशाकडे गेला. त्यांनी वही उघडली, शेवटचं पान काढलं.

“वहिनी... गाव कोणतं तुमचं?”

“काटोल. काहून?”

त्यांनी सावकाश लिहिलं, वही मिटून बाजूला ठेवली आणि मान खाली घालून जेवू लागले.

पुढच्या रविवारी देवरावजी कळमन्याला गेले नाहीत. आमच्याकडे जेवायला आले.